घरी घडवलेले छोटे इंजिन कॉम्प्रेशन धरत नाही : रिंगांना हात लावण्यापूर्वी काय तपासावे

घरच्या लेथवर घडवलेल्या छोट्या चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाबाबत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार एकच असते. सगळे भाग मापात उतरलेले असतात, ठिणगी पडते, पेट्रोल येते, आणि तरीही इंजिन सुरू होत नाही, कारण ते कॉम्प्रेशन धरत नाही, म्हणजे पिस्टनने दाबलेली हवा सिलिंडरमध्ये टिकत नाही. गेल्या बारा वर्षांत मी माझी स्वतःची तीन आणि कोल्हापूर-सांगली भागातील स्नेह्यांची नऊ-दहा इंजिने केवळ याच कारणासाठी उघडली आहेत. त्यांतील बहुतेकांचा दोष व्हॉल्व्हच्या सीटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह जेथे टेकतो त्या कडेत निघाला, पण माझ्याकडे येईपर्यंत मालकाने रिंगांचे (पिस्टनवरील कड्यांचे) एक-दोन संच करून वाया घालवलेले असत. पहिल्या इंजिनाच्या वेळी मीही तीन संच केले होते. म्हणून या लेखातील तपासण्यांच्या क्रमाला महत्त्व आहे : सोपे आणि बिनखर्चाचे आधी, आणि रिंगा सर्वांत शेवटी.

खालील मापे २४ मिमी बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) आणि २५ मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या धावेच्या), म्हणजे सुमारे ११.३ सीसीच्या इंजिनाची आहेत. त्यात कास्ट आयर्नचा लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेली नळी), अॅल्युमिनियमचा पिस्टन, कास्ट आयर्नच्या दोन रिंगा आणि हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह आहेत. आपले इंजिन थोडे लहान-मोठे असले तरी तपासणीची पद्धत बदलत नाही.

लक्षणे

फ्लायव्हील हाताने फिरवताना पिस्टन टॉपला येतो, पण कुठेही अडत नाही आणि फ्लायव्हील उलट उसळीही घेत नाही. किंवा झटका देऊन फिरवले तर थोडा विरोध जाणवतो, पण हळू फिरवले तर काहीच जाणवत नाही. प्लग काढून पाहिला तर तो पेट्रोलने ओला असतो. इंजिन एखादा ठोका देते आणि गप्प होते. कार्बोरेटरच्या तोंडाशी, सायलेन्सरच्या नळीत किंवा क्रँककेसच्या ब्रीदरपाशी (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडापाशी) कान नेला असता फुसफुस ऐकू येते. आणखी एक लक्षण वेगळे नोंदवावे : इंजिन थंड असताना सुरू होते, दोन-तीन मिनिटे चालते, तापल्यावर बंद पडते आणि पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा सुरू होत नाही. त्या वेळी टॅपेट आणि व्हॉल्व्हकडेच आधी पाहावे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. लहान इंजिन मोठ्याच्या मानाने नेहमीच जास्त गळते. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही चौथ्या हिश्शावर आणले की गळतीच्या वाटेची लांबी, म्हणजे बोअरचा परिघ, चौथा हिस्सा होतो, पण आतील हवेचे आकारमान चौसष्टावा हिस्सा होते. म्हणजे तेवढ्याच हवेमागे गळतीची वाट सोळा पट झाली. त्यामुळे मोटारसायकलच्या इंजिनात खपून जाणारा दोष येथे इंजिन बंद पाडतो, आणि हळू फिरवताना थोडी गळती जाणवणे हा दरवेळी दोषच असतो असेही नाही. माझा साधा निकष असा आहे : दाब येईपर्यंत फ्लायव्हील फिरवून तेथेच हाताने धरून ठेवावे आणि विरोध किती सेकंद टिकतो ते मोजावे. चार-पाच सेकंद टिकला तर इंजिन सुरू व्हायला हवे, आणि तरीही होत नसेल तर दोष ठिणगीत किंवा मिश्रणात शोधावा. विरोध एका सेकंदाच्या आत विरला तर पुढे वाचावे.

टॅपेट आणि प्लगचा वॉशर

यासाठी एक फीलर गेज आणि पाच मिनिटे पुरतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून दोन्ही टॅपेटांची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांमधील अंतर) मोजावी. इंजिन थंड असताना ०.१० मिमी मिळाली तर चिंता नाही. फट शून्य असेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही. फट अगदी थोडी असेल तर थंड इंजिन चालते, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा तापून लांबला की व्हॉल्व्ह उघडाच राहतो. वर सांगितलेल्या तापल्यावर बंद पडण्याच्या लक्षणाचे हे पहिले कारण होय.

येथे एक चूक फार वेळा होते. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोन वेळा टॉपला येतो, आणि त्यांपैकी एका टॉपला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असतो व इनलेट उघडत असतो. त्या टॉपला फट बसवली तर ती सपशेल चुकीची बसते. फ्लायव्हील थोडे मागे-पुढे हलवून पाहावे : दोन्ही रॉकर स्थिर राहिले तर तो कॉम्प्रेशनचा टॉप, आणि हलले तर दुसरा.

प्लगखालचा तांब्याचा वॉशरही याच वेळी पाहावा. एकदा दाबून सपाट झालेला वॉशर पुन्हा वापरायचा असेल तर तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवावा, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होते.

तेलाचे चार थेंब

प्लगच्या भोकातून इंजिन तेलाचे चार-पाच थेंब सोडून फ्लायव्हील सात-आठ वेळा फिरवावे आणि पुन्हा दाब पाहावा. तेल रिंगा आणि बोअर यांमधील फट काही वेळ बुजवते. दाब स्पष्टपणे वाढला तर संशय रिंगा किंवा बोअरवर, आणि काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर.

मोटारीच्या मेकॅनिककडे ही चाचणी चमचाभर तेलाने होते. आपल्या इंजिनात तसे करू नये. पिस्टन टॉपला असताना वर उरणारी जागा जेमतेम २ सीसी असते. चार-पाच थेंब म्हणजे सुमारे पाव मिली तेल त्यात गेले की कॉम्प्रेशनचे प्रमाण ६.६ वरून ७.५ होते, आणि एक मिली गेले तर ते १२ च्या पुढे जाते. मग दाब वाढल्याचे दिसते ते तेलाने जागा व्यापल्यामुळे, फट बुजल्यामुळे नव्हे. याहून जास्त तेल झाले तर पिस्टन तेलावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका आहे.

पायपंप आणि साबणाचे पाणी

गळती नेमकी कोठून होते हे सांगणारी याहून चांगली चाचणी मला माहीत नाही, आणि तिला सायकलचा गेज असलेला पायपंप पुरतो. जुन्या प्लगमधील चिनी मातीचा भाग काढून टाकावा आणि उरलेल्या लोखंडी कवचात ट्यूबलेस टायरचा धातूचा व्हॉल्व्ह ब्रेझिंगने बसवावा. मोटारसायकलींना लागणारा १० मिमीचा प्लग आपल्या हेडमध्ये असेल तर टाकाऊ प्लग कोणत्याही गॅरेजमध्ये मिळतो.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या अगदी टॉपला आणावा आणि फ्लायव्हील लाकडी पाचरीने पक्के अडकवावे, कारण ३० पीएसआयचा दाब दिल्यावर २४ मिमीच्या पिस्टनवर सुमारे साडेनऊ किलोचा जोर येतो. पिस्टन टॉपवरून किंचित जरी सरकला असेल तरी फ्लायव्हील एकाएकी फिरते आणि बोटे सापडतात. दाब दिल्यावर शांतपणे कान लावावा. कार्बोरेटरमधून आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह गळतो आहे, सायलेन्सरच्या नळीतून आला तर एक्झॉस्ट, आणि ब्रीदरमधून आला तर हवा रिंगांवरून खाली जात आहे. हेडच्या सांध्यावर आणि प्लगभोवती साबणाचे पाणी ब्रशने लावले की गॅस्केटची गळती बुडबुड्यांनी दिसते. हेडचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळून ती थांबली नाही, तर गॅस्केट बदलण्यापूर्वी हेडची बाजू काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर हलकेच घासून पाहावी. खोलगट भाग न घासता काळसर राहतो.

कोठेच विशेष गळती नसेल आणि तरी इंजिन कॉम्प्रेशन घेत नसेल, तर कॅमचा गिअर एक दात चुकलेला असण्याचा दाट संभव आहे. कॅमच्या गिअरला ४० दात असतील तर एका दाताची चूक म्हणजे कॅमचे ९ आणि क्रँकचे १८ अंश. इनलेट व्हॉल्व्ह तेवढा उशिरा बंद झाला की पिस्टन वर येताना हवा आल्या वाटेने परत जाते, आणि व्हॉल्व्ह, रिंगा, गॅस्केट सगळे निर्दोष असूनही दाब मिळत नाही.

व्हॉल्व्ह आणि सीट

माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात इंजिनांचे उत्तर येथे सापडले. हेड उतरवावे, पण व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग जागेवरच ठेवावेत. औषधाच्या दुकानातून २० मिलीची सिरिंज आणावी आणि तिला रबरी नळी जोडावी. नळी बोटाने दुमडून दट्ट्या १० मिलीच्या खुणेपर्यंत ओढावा आणि सोडावा. तो जेथपर्यंत परत जातो ती जागा लक्षात ठेवावी, कारण सिरिंजच्या स्वतःच्या घर्षणामुळे तो पूर्ण परत जात नाही. आता नळी हेडच्या पोर्टला घट्ट लावून तसेच ओढावे, अर्धा मिनिट थांबून सोडावे. दट्ट्या जवळजवळ त्याच जागी परत गेला तर व्हॉल्व्ह धरतो आहे. ओढलेल्या जागीच राहिला तर मधल्या वेळेत हवा आत शिरली. सुरुवातीला या चाचणीने मला अनेकदा फसवले, कारण हवा सीटवरून न येता दांडा आणि गाइड (दांडा ज्यात सरकतो ती नळी) यांच्या फटीतूनही येते. त्यासाठी गाइडच्या वरच्या तोंडाशी घट्ट तेलाचा एक थेंब सोडून चाचणी पुन्हा करावी.

व्हॉल्व्ह गळतो हे ठरल्यावर बहुतेक जण ग्राइंडिंग पेस्ट घेऊन घासत बसतात. कृपया तसे करू नये. आधी व्हॉल्व्हच्या ४५ अंशांच्या बाजूवर मार्किंग ब्लूचा अत्यंत पातळ थर लावावा, व्हॉल्व्ह गाइडमध्ये घालून सीटवर सरळ दाबावा आणि अजिबात न फिरवता वर उचलावा. फिरवले की निळा रंग सगळीकडे पसरतो आणि दोष झाकला जातो. सीटवर निळी रेषा पूर्ण गोल उमटली तर फक्त हलके लॅपिंग (बारीक पेस्टने घासणे) पुरेल. रेषा अर्ध्या-पाऊण वर्तुळापुरतीच उमटली, तर सीट आणि गाइड यांचे केंद्र एक नाही, आणि हा दोष पेस्टने सुटणारा नाही. घासत राहिल्यास सीट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला धारेएवढी होते, व्हॉल्व्हवर गोल चर पडतो, आणि थंड असताना दाब मिळाला तरी व्हॉल्व्ह तापून सरकला की चर जुळत नाही आणि गळती परत येते.

माझ्या पहिल्या इंजिनात हे केंद्र अवघे ०.०४ मिमी चुकले होते. कारण साधे होते. गाइडचे भोक मी हेड चकात असताना रीमरने केले, हेड काढले, आणि सीट दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीनवर कापली. घरच्या यंत्रावर काढलेला भाग पुन्हा त्याच केंद्रावर बसत नाही, हे गृहीत धरूनच कामाची आखणी करावी लागते. आता मी गाइड आणि सीट मिळून गनमेटलचा एकच नळकांड्यासारखा भाग करतो. त्याचे ड्रिलिंग, रीमिंग आणि सीटचे पहिले कापणे चकातून न काढता उरकतो, आणि तो हेडमध्ये ठोकून न बसवता रिटेनिंग कंपाउंडने (धातूचे भाग चिकटवणाऱ्या द्रवाने) बसवतो, कारण ठोकून बसवलेली सीट किंचित अंडाकृती होते. सीट शेवटची साफ करतो ती भाग बसवल्यानंतर, गाइडमध्ये घट्ट सरकणारा पायलट असलेल्या कटरने, हाताच्या बोटांनी, दोन-तीन फेऱ्यांत. कटरला विषम दात असावेत, कारण सम दातांचा कटर सीटवर लाटांसारखे चॅटरचे ठसे उमटवतो. सीटची रुंदी ०.३ ते ०.४ मिमीच ठेवावी. रुंद सीट जास्त धरते ही समजूत चुकीची आहे, कारण तेवढाच स्प्रिंगचा जोर मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो आणि काजळीचा एखादा कण सीटवर अडकून राहतो.

व्हॉल्व्हचेही तसेच. दांडा आणि ४५ अंशांची बाजू एकाच सेटिंगमध्ये टर्न केली पाहिजे. टाकाऊ मोटारसायकलचा व्हॉल्व्ह लहान करून वापरला तर उष्णतेला टिकणारे पोलाद आयते मिळते, पण तो उलटा धरून बाजू कापण्याचा मोह टाळावा. सगळे झाल्यावर पितळ चमकवण्याच्या पॉलिशने दहा-वीस वेळा अर्धवट फिरवून लॅपिंग करावे, धुवावे आणि सिरिंजची चाचणी पुन्हा घ्यावी.

लायनरचा बोअर

व्हॉल्व्ह धरतात हे सिद्ध झाले आणि ब्रीदरमधून हवा येतच असेल, तरच सिलिंडर उतरवावा. पिस्टनवरून एक रिंग काळजीपूर्वक काढून ती बोअरमध्ये पिस्टनच्याच डोक्याने सरळ ढकलावी आणि खाली टॉर्च धरून वरून पाहावे. रिंगेच्या कडेने कोठेही प्रकाश दिसू नये. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी पाहावे. एकाच बाजूला चंद्रकोरीएवढा प्रकाश दिसला आणि रिंग फिरवल्यावर तो तिच्याबरोबर फिरला तर दोष रिंगेचा. जागीच राहिला तर दोष बोअरचा.

एकमेकांपासून समान अंतरावर तीन ठिकाणी प्रकाश दिसला, तर लायनर तीन जबड्यांच्या चकात आवळून बोअर केलेला आहे. दोन मिमी भिंतीचा लायनर चकात थोडा त्रिकोणी दबतो, त्या अवस्थेत बोअर गोल होतो, आणि चक सैल केला की भिंत मूळ जागी येऊन बोअर तीन कोपऱ्यांचा होतो. हा दोष मापाने सापडत नाही. तीन कोपऱ्यांच्या आकारात एका कोपऱ्यासमोर नेहमी सपाट बाजू येते, त्यामुळे दोन टोकांत मोजणारे कोणतेही गेज सगळीकडे एकच व्यास दाखवते. एका स्नेह्याने मला मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत समान आलेली मापे वहीत लिहून दाखवली होती, आणि टॉर्च धरल्यावर तीन चंद्रकोरी स्पष्ट दिसल्या.

उपाय असा की लायनर सिलिंडरमध्ये बसवून झाल्यावरच शेवटचे ०.०२ मिमी लॅपिंगने काढावेत. लॅप, म्हणजे बोअर घासण्याचा दांडा, टोकांशी त्याच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त बाहेर येऊ देऊ नये, नाहीतर बोअरची तोंडे कर्ण्यासारखी उघडतात. लॅपिंगनंतर बोअर फक्त पेट्रोलने पुसू नये. पेट्रोल तेल नेते, पण घासपेस्टचे कण तेथेच राहतात आणि नव्या रिंगा तासाभरात झिजवतात. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन पांढरे फडके पांढरेच बाहेर येईपर्यंत धुवावे आणि लगेच तेल लावावे.

रिंगा

आता रिंगा. बोअरमध्ये बसवलेल्या रिंगेच्या टोकांतील फट ०.०८ ते ०.१० मिमी असावी. फट शून्य असेल तर तापल्यावर टोके भिडून रिंग तुटते, आणि ०.२५ मिमीच्या पुढे गेली तर एवढ्या लहान इंजिनात ती गळती जाणवते. खाचेतील उभी मोकळीक ०.०३ मिमीच्या आसपास असावी आणि रिंग खाचेच्या तळाला टेकू नये. नवी रिंग करायची असल्यास एफजी २६० दर्जाच्या कास्ट आयर्नच्या बारमधून ती बोअरच्या मापाची टर्न करावी, तोडून फटीत पाचर घालावी, दोन पट्ट्यांमध्ये सपाट आवळावी आणि मंद लाल होईपर्यंत तापवून आपोआप थंड होऊ द्यावी, म्हणजे तिला कायमचा ताण येतो. पिस्टनवर चढवताना ती बोटांनी न फाकवता पातळ शिमच्या तीन पट्ट्यांवरून सरकवावी. जास्त फाकवलेली रिंग तुटली नाही तरी वाकते, आणि वाकलेली रिंग टॉर्चच्या चाचणीत लगेच कळते. नवी रिंग बोअरमध्ये मुरायला वीस-तीस मिनिटे लागतात, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांच्या दाबावरून निर्णय करू नये.

कोठे थांबावे

लॅपिंग करूनही बोअरचा टेपर (वरच्या आणि खालच्या व्यासांतील फरक) ०.०२ मिमीच्या खाली येत नसेल, तर हाताने आणखी धातू काढू नये. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा आपल्या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत इंजिन रीबोअरिंग आणि होनिंगची दुकाने असतात. मात्र निघण्यापूर्वी २४ मिमीत जाणारे होनिंगचे दगड त्यांच्याकडे आहेत का हे विचारून घ्यावे, कारण त्यांचे नेहमीचे काम याच्या दुप्पट बोअरचे असते. नसतील तर आतील ग्राइंडिंग करणारे टूलरूम गाठावे.

हेडमध्ये किंवा सिलिंडरच्या ओतीवात तडा दिसला, किंवा साबणाचे बुडबुडे सांध्यातून न येता धातूतूनच येऊ लागले, तर इपॉक्सीने बुजवून पाहू नये. अॅल्युमिनियमचे टिग वेल्डिंग जाणणाऱ्या कारागिराकडे तो भाग न्यावा. सीटचा भाग हेडमध्ये सैल झाला असेल तर इंजिन पुन्हा फिरवू नये, कारण तो सुटून पिस्टनवर पडला तर काहीच वाचत नाही. कास्ट आयर्नच्या फ्लायव्हीलला केसाएवढा जरी तडा असेल तरी ते दुरुस्तीचे नाही, ते बदलावे. आणि कोणत्याही टप्प्यावर इंजिन सुरू करून पाहायचे असेल तर ते उघड्या अंगणात करावे. बंद खोलीत एवढ्याशा इंजिनाचाही कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो, आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचून ठिणगीपर्यंत पोहोचते.

बाहेर काम देताना नुसता सिलिंडर देऊ नये. पिस्टन आणि एक रिंग सोबत न्यावी, पिस्टनचा मोजलेला व्यास आणि हवी असलेली मोकळीक कागदावर लिहून द्यावी, आणि काम परत घेताना तेथेच टॉर्च धरून रिंग तीन ठिकाणी पाहून घ्यावी.